सीमंकी की फायरफॉक्स-थंडरबर्ड? ब्राउझर आणि मेल एकत्र ठेवावे की वेगळे

जून महिना होता. पाऊस नुकताच धरला होता. संध्याकाळी गडगडाट सुरू झाला आणि जवळच कुठेतरी वीज पडली. दुसऱ्या दिवशी आमच्या वाचनालयाचा संगणक सुरूच होईना. फोंड्याच्या दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क काढून माझ्या हातात दिली आणि मान हलवली. त्या डिस्कवर वाचनालयाची सात वर्षांची मेल होती. पुस्तकविक्रेत्यांची बिले, पंचायतीशी झालेला पत्रव्यवहार, नाट्यस्पर्धेचे अर्ज, दिवाळी अंकांच्या याद्या. दुसरीकडे कुठेच त्यांची प्रत नव्हती, कारण मेल उतरवून घेऊन सर्व्हरवरून पुसायची अशी सोय मीच करून ठेवली होती.

नवा संगणक आला तेव्हा सगळे पहिल्यापासून मांडायचे होते. पहिला प्रश्न हाच आला: ब्राउझर आणि मेल दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये असलेला सीमंकीसारखा संच घ्यावा, की ब्राउझरसाठी फायरफॉक्स आणि मेलसाठी थंडरबर्ड असे दोन वेगळे प्रोग्राम बसवावेत? मी दोन्ही वापरून पाहिले. तुम्ही एखाद्या संस्थेची, देवस्थानाची, छोट्या होमस्टेची किंवा नुसती घरचीच मेल संगणकावर आणू पाहत असाल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. एक पायरी पूर्ण होईपर्यंत पुढची घेऊ नका.

हाताशी काय हवे

- मेल खात्याचा पत्ता आणि पासवर्ड.
- ज्या फोनवर पडताळणीचा कोड येतो तो फोन. संस्थेचे खाते असेल तर हा फोन सध्या कोणाकडे आहे ते आधी विचारून घ्या. आमचा नंबर जुन्या खजिनदारांच्या मुलाचा निघाला, आणि तो मडगावला राहायला गेलेला. एक अख्खा दिवस त्यात गेला.
- बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह.
- घरचे किंवा संस्थेचे ब्रॉडबँड. जीमेलच्या मोफत खात्यात १५ जीबीपर्यंत जागा असते, आणि खाते भरलेले असेल तर पहिल्यांदा तेवढा माल खाली उतरू शकतो. मोबाइलच्या डेटावर हे काम काढू नका.
- यूपीएस. पावसाळ्यात तरी याच्याशिवाय सुरुवात करू नका.
- वही आणि पेन.

१. आधी स्वतःची सवय वहीत लिहा

तीन ओळी पुरतात. या संगणकावर किती माणसे बसतात? मेलची खाती किती आहेत? ब्राउझरमध्ये मुख्य काम कोणते – बँक, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण, की नुसते वाचन?

आमच्या वहीत असे उतरले: माणसे पुष्कळ, कारण सकाळी मुले निकाल बघायला आणि अर्ज भरायला येतात, खाती दोन, ब्राउझरमध्ये मुख्यतः सरकारी अर्ज. निर्णय खरे तर याच ओळींनी केला. तेव्हा मला ते कळले नव्हते एवढेच.

२. दोन्ही वाटा कुठून आल्या ते समजून घ्या

ही पायरी पुष्कळजण गाळतात. पण कोणत्या प्रोग्रामकडून काय अपेक्षा ठेवायची हे यातूनच कळते.

ज्यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी सायबर कॅफेत बसून इंटरनेट शिकले, त्यांना नेटस्केप कम्युनिकेटर आठवेल. त्यात ब्राउझर, मेल आणि वेबपान तयार करायचा कंपोजर हे सगळे एकत्र होते. १९९८ साली नेटस्केपने आपला कोड सर्वांसाठी खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. २००२च्या जूनमध्ये मोझिला १.० आले, तेही असेच सगळे एकात असलेले. पुढे आपल्याकडे गोव्यात सरकारच्या सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक आले, त्या काळात यातलेच काहीतरी नाहीतर इंटरनेट एक्सप्लोरर, एवढीच निवड असे.

मग मोझिलातल्याच काहीजणांना वाटले की हा संच जड झाला आहे, ब्राउझर सुटा आणि हलका हवा. त्यातून नोव्हेंबर २००४मध्ये फायरफॉक्स १.० आला आणि पुढच्याच महिन्यात मेलसाठी थंडरबर्ड १.०. मार्च २००५मध्ये मोझिला फाउंडेशनने जाहीर केले की संचाच्या नव्या आवृत्त्या ती काढणार नाही. ज्यांना संचच हवा होता त्या स्वयंसेवकांनी काम पुढे उचलले, आणि जानेवारी २००६मध्ये सीमंकी १.० निघाला.

म्हणजे सीमंकी, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड ही एकाच घरची भावंडे. मेल ठेवायची त्यांची पद्धतही जवळजवळ सारखी आहे. याचा फायदा नवव्या पायरीत दिसेल. आज मात्र तिघांची परिस्थिती सारखी नाही. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते. थंडरबर्डचे काम २०२०पासून मोझिला फाउंडेशनच्या मालकीची एक वेगळी कंपनी पाहते. सीमंकी मात्र मोजक्या स्वयंसेवकांच्या बळावर उभा आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या ते मागून आणून बसवतात, पण त्याचे मूळ इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, फायरफॉक्सच्या बऱ्याच जुन्या आवृत्तीचे आहे. ही माणसे पैशाविना इतकी वर्षे हे काम करत आहेत याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही वाचकाला खरे तेच सांगायला हवे.

तिसरी वाटही आहे. विवाल्डी हा ब्राउझर ऑपेराच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे काढला, आणि त्यात २०२२पासून मेलही आतच आहे. संचाची सोय हवी आणि इंजिनही आजचे हवे, तर सध्या हीच वाट सरळ आहे.

३. संगणक तपासा

रॅम किती आहे ते पाहा. फायरफॉक्स आणि थंडरबर्ड एकाच वेळी उघडे असले की दोघांचे इंजिन वेगवेगळे चालते, म्हणून जागा जास्त लागते. सीमंकीत एकच इंजिन दोन्ही कामांना पुरते. ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर हा फरक हाताला जाणवतो. ८ जीबी असेल तर याचा विचारही करू नका.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. संगणक विंडोज १० किंवा त्याहून जुन्या विंडोजवर असेल तर आधी तो प्रश्न सोडवा, मेलचे नंतर पाहा.

४. आता निवडा

माझे मत आधीच सांगतो. दहापैकी आठ जणांना मी फायरफॉक्स आणि थंडरबर्ड वेगवेगळे घ्या असेच सांगेन. कारणे तीन.

पहिले कारण संकेतस्थळांचे. आजची बँकेची किंवा सरकारी अर्जांची पाने नव्या पद्धतीने लिहिलेली असतात. जुन्या इंजिनात ती कधी अर्धीच उघडतात, कधी बटण दाबले तरी काही होत नाही. सीमंकीत एका मुलाचा अर्ज आम्ही दोनदा भरला, आणि शेवटचे बटण दोन्ही वेळा निपचित पडून राहिले. अर्जाच्या शेवटच्या दिवशी असे झाले असते तर त्या मुलाचे वर्ष गेले असते. आणि संचात मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारली की ते पान संचाच्याच ब्राउझरमध्ये उघडते. म्हणजे पैसे भरायचा दुवाही तिथेच जातो.

दुसरे कारण: एक पडला की दोन्ही पडतात. सीमंकीत सगळे एकाच प्रक्रियेत चालते. एखादे जड पान अडकले की मेलची खिडकीही गोठते, आणि प्रोग्राम जबरदस्तीने बंद केला तर अर्धवट लिहिलेले पत्र धोक्यात येते. प्रोग्राम वेगळे असले की ब्राउझर बंद पडला तरी पत्र जागच्या जागी राहते.

तिसरे कारण आमच्यासारख्या सार्वजनिक जागांचे. ब्राउझर मुलांना उघडून दिला म्हणजे संचात मेलही उघडून दिल्यासारखेच झाले. खालच्या कोपऱ्यातले लहानसे चित्र दाबले की चिटणिसाचा इनबॉक्स समोर.

मग संच कोणी घ्यावा? संगणक जुना आहे, त्यावर एकच माणूस बसतो, बँकेचे काम फोनवर होते आणि संगणकावर मुख्यतः मेल व साधे वाचन चालते, अशांनी सीमंकी जरूर पाहावा. त्यातला कंपोजर अजूनही साधे वेबपान करायला बरा आहे. चॅटझिला नावाचा गप्पांचा प्रोग्रामही त्यात आहे, पण तो लागेल असा माणूस मला आपल्याकडे भेटलेला नाही. पुष्कळ टॅब उघडे ठेवून त्यातच मेल वाचायची सवय असेल तर विवाल्डी घ्या. मात्र विवाल्डीची मेल फक्त संगणकावर चालते, फोनवरच्या विवाल्डीत ती नाही. शिवाय त्यात मेल फोल्डरांपेक्षा याद्या आणि शोध यांच्या आधाराने मांडलेली असते, आणि त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

५. आयमॅप की पॉप: खरा निर्णय इथे आहे

कोणता प्रोग्राम घेतला यापेक्षा हे जास्त महत्त्वाचे आहे. प्रोग्राम उद्याही बदलता येतो, गेलेली मेल परत येत नाही.

पॉप म्हणजे सर्व्हरवरची पत्रे घरी उचलून आणणे. बहुतेक वेळा त्यात मूळ प्रत सर्व्हरवरून काढून टाकायची सोय असते, आणि ती चालू असली की पत्र फक्त तुमच्या डिस्कवर उरते. माझी सात वर्षे अशीच गेली.

आयमॅप म्हणजे पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि संगणक, फोन, दुसऱ्याचा लॅपटॉप या सगळ्यांना तीच दिसतात. फोनवर वाचलेले संगणकावरही वाचलेले दिसते. आयमॅपच निवडा. आयमॅपच्या सुरक्षित जोडणीचा पोर्ट (सर्व्हरशी बोलायच्या दाराचा क्रमांक) ९९३ असतो, पॉपचा ९९५. सेटिंगमध्ये ९९५ दिसला तर थांबा आणि परत तपासा.

पण एक गैरसमज मी पुष्कळांकडून ऐकतो: "आयमॅप आहे, मग बॅकअप कशाला?" आयमॅपमध्ये एका ठिकाणी पुसलेले सगळीकडून पुसले जाते. कोणी चुकून फोल्डर उडवला तर तो फोनवरूनही जातो. बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

आयमॅपचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे दोन प्रोग्राम एकाच खात्यावर शेजारी शेजारी लावून पाहता येतात. काहीच हलवावे लागत नाही. म्हणून चौथ्या पायरीत मन ठरले नसेल तरी पुढे जा.

६. प्रोग्राम उतरवून बसवा

फक्त अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. शोधात सगळ्यात वर येणारे दुवे कित्येकदा जाहिराती असतात, आणि तिथून आलेल्या फायलीबरोबर नको ते प्रोग्रामही बसतात. हे चारही प्रोग्राम मोफत आहेत. कोणी पैसे मागितले तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

फायरफॉक्सचे मेनू मराठीतही मिळतात. घरात आईवडील किंवा आजीआजोबा वापरणार असतील तर ते आधीच लावून द्या.

७. खाते जोडा

थंडरबर्ड उघडला की तो नाव, पत्ता आणि पासवर्ड विचारतो. जीमेल, आउटलुक यांसारख्या मोठ्या सेवांचे सर्व्हर तो स्वतःच शोधतो. हाताने काही भरू नका, फक्त आयमॅप निवडलेले आहे ना एवढे बघा.

जीमेलसाठी पुढे एक लहान खिडकी येते आणि तिथे गुगलचेच लॉगिनचे पान दिसते. पासवर्ड तिथे घालायचा. २०२२च्या मे अखेरपासून गुगलने नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणे वैयक्तिक खात्यांसाठी बंद केले. म्हणून कोणी जुन्या माहितीवरून "कमी सुरक्षित ॲपना परवानगी द्या" असे सांगितले तर ते सोडून द्या, ती सोय आता नाही.

इथले सापळे:

- लॉगिनची खिडकी पुन्हा पुन्हा येत राहिली तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज (संकेतस्थळे संगणकावर ठेवतात त्या लहान नोंदी) बंद आहेत का ते पाहा. त्या चालू असल्याशिवाय हे लॉगिन पूर्ण होत नाही. माझे दोन तास इथे गेले.
- एखादा जुना प्रोग्राम ही खिडकी दाखवू शकत नसेल तर गुगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढता येतो. तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवू नका. मी एका कार्यालयात तसा पाहिला आहे.
- जीमेलमध्ये 'सर्व मेल' नावाचा फोल्डर असतो. तोही उतरवला तर प्रत्येक पत्र दोनदा येते आणि डिस्क भरते. फोल्डरांच्या यादीत त्याची खूण काढून टाका.
- मेल खूप असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये फक्त अलीकडच्या ठरावीक काळाची पत्रे संगणकावर ठेवायला सांगता येते. जागा कमी असेल तरच हे करा.

मराठी पत्रांबद्दल एक गोष्ट. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी या सगळ्या प्रोग्राममध्ये व्यवस्थित दिसते. अक्षरे बारीक वाटली तर फॉन्टच्या सेटिंगमध्ये लिपी म्हणून देवनागरी निवडून आकार वाढवा. इंग्रजीचा आकार वाढवून देवनागरीचा वाढत नाही. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी निमंत्रणे मात्र खुणांचा गोंधळ होऊनच दिसतील. तो दोष मेल प्रोग्रामचा नाही.

८. पंधरा दिवस वापरून पाहा

रोजचे काम करा. वीजबिल भरा, एक मोठी जोडणी, म्हणजे पत्राला जोडलेली फाइल, पाठवा (जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे), जुने पत्र शोधा, नेट गेल्यावर वाचून पाहा. जे अडेल ते वहीत लिहा. संच आणि वेगळे प्रोग्राम दोन्ही लावले असतील तर दोघांना एकच प्रोफाइल फोल्डर (प्रोग्राम तुमची पत्रे आणि सेटिंग जिथे ठेवतो तो) देऊ नका, दोन्ही बिघडतील.

संगणकावर अनेक माणसे बसत असतील तर आत्ताच विंडोजमध्ये दोन वेगळी वापरकर्ता खाती करा. आमच्याकडे 'वाचक' या खात्यात फक्त फायरफॉक्स आहे. 'कार्यालय' या खात्याला पासवर्ड आहे आणि थंडरबर्ड तिथेच चालतो. हे केल्यापासून सकाळी संगणक मुलांच्या हाती देताना माझ्या जिवाला घोर लागत नाही.

९. जुनी मेल हलवा

संगणकावर सीमंकी किंवा जुन्या थंडरबर्डची पत्रे असतील तर हे सोपे आहे. दोघेही एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच लांबलचक मजकुरी फायलीत ठेवतात. त्या फायलीच्या नावाला शेपूट नसते. शेजारी त्याच नावाची, पण शेवटी एमएसएफ असलेली दुसरी फाइल असते. ती नुसती सूची आहे, ती नेऊ नका, नवी आपोआप तयार होते. दोन्ही प्रोग्राम बंद करा, शेपूट नसलेली फाइल नव्या प्रोग्रामच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवा (ते प्रोफाइल फोल्डरातच असते, तो कसा उघडायचा ते दहाव्या पायरीत आहे), प्रोग्राम उघडा. पत्रे दिसतील.

सगळे एकाच फायलीत असण्याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. पुसलेले पत्र फायलीतून लगेच जात नाही. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच जागा मोकळी होते. आणि एका पत्रात विषाणू सापडला म्हणून अँटिव्हायरसने ती फाइल उचलून बाजूला ठेवली, तर अख्खा इनबॉक्स गायब झाल्यासारखा होतो. असे झाले तर घाबरून काहीही पुसू नका. अँटिव्हायरसच्या अलगीकरणाच्या यादीत जाऊन फाइल परत आणता येते. त्यानंतर प्रोफाइल फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा. जोडण्या उघडताना तो त्या तपासतोच.

१०. बॅकअप घ्या आणि तो उघडून पाहा

थंडरबर्डमध्ये मदतीच्या मेनूत समस्यानिवारणाच्या माहितीचे पान आहे. तिथे प्रोफाइल फोल्डर उघडायचे बटण मिळते. सीमंकीतही तसेच. फोल्डर कुठे आहे ते बघून ठेवा, प्रोग्राम पूर्ण बंद करा आणि अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. प्रोग्राम चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. पत्ते, पाठवलेली पत्रे, पासवर्ड, सगळे त्या फोल्डरात असते, म्हणून ती डिस्क कोणाच्याही हाती देऊ नका आणि प्रोग्राममध्ये प्राथमिक पासवर्ड लावून ठेवा.

मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, तिथे थंडरबर्डची तीच किंवा नवी आवृत्ती बसवा आणि प्रत उघडा. नव्या आवृत्तीचे प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही, म्हणून आवृत्तीचा आकडा डिस्कवरच चिठ्ठी लावून लिहा. एखादे जुने पत्र शोधून ते जोडणीसकट उघडते का ते पाहा.

आम्ही हे वर्षातून चारदा करतो, त्यातले एकदा मेअखेर, पहिला पाऊस पडायच्या आत. डिस्क वाचनालयात ठेवत नाही. ती खजिनदार वहिनींच्या घरी, देवघराशेजारच्या कपाटात असते, आणि कोणत्या तारखेला कोणी प्रत घेतली याची नोंद वाचनालयाच्या वहीत, पुस्तकांच्या देवघेवीच्या पानाशेजारी.